चौथ्या मजल्यावरची जिना-खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि खरं सांगायचं तर आता फार थकले आहे. तुम्ही म्हणाल, खुर्चीला कसला आलाय थकवा? पण मी तुमच्या घरातल्या खुर्चीसारखी नाही. मला गादी नाही, हात नाहीत, माझ्यासमोर टेबल नाही. मी भिंतीवर टांगलेली असते. इमारतीत आग लागली, लिफ्ट बंद करावी लागली, की ज्यांना आपल्या पायांनी जिना उतरता येत नाही त्यांना खाली नेण्यासाठी माझा जन्म झाला. मला जिना-खुर्ची म्हणतात.

माझा सांगाडा हलक्या नळ्यांचा आहे आणि बैठक जाड कापडाची. खाली दोन लहान चाकं आहेत. पाठीमागे दोन रबरी पट्टे आहेत, रणगाड्याला असतात तसे, पण अगदी छोटे. सपाट जागी मी चाकांवर चालते. जिना आला की मला मागे कलवायचं, म्हणजे माझे पट्टे पायऱ्यांच्या कडांवर टेकतात आणि कडा धरत धरत सावकाश खाली सरकतात. कारखान्यात माझ्यावर वाळूची पोती बसवून मला वीस वेळा जिना उतरवलं. तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "तुझी गरज कुणाला न पडो, बाई. पण पडलीच तर अंग चोरू नकोस."

मग मी एका पाच मजली इमारतीत आले. तिथे शाळेची पुस्तकं तयार होत. तळमजल्यावर छपाईयंत्रं आणि कागदाचं गोदाम, पहिल्या मजल्यावर बांधणी आणि चौथ्या मजल्यावर संपादन. तिथे एकूण एकोणचाळीस माणसं कामाला होती. त्यांच्यातल्या एकीसाठी मला आणलं होतं. तिला सगळे वेलांटीताई म्हणत. पुस्तक छापायला जाण्याआधी ते ओळ न् ओळ वाचायचं आणि चुका काढायच्या, हे तिचं काम. ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिच्या नजरेतून सुटली असं कधी झालं नाही, म्हणून हे नाव पडलं. लहानपणीच्या आजाराने तिचे पाय गेले होते. ती चाकांच्या खुर्चीवरून ऑफिसात यायची. रोज सकाळी लिफ्टवाले काका तिला वर न्यायचे आणि संध्याकाळी खाली आणायचे. हा नेम कधी चुकला नव्हता.

मला मागच्या जिन्याच्या चौथ्या मजल्यावर, दोन खिळ्यांवर टांगलं. वेलांटीताई मला बघायला आली. तिने हात वर केला. बोटं माझ्या चाकांपर्यंतसुद्धा पोचली नाहीत.

"साहेब, हिला जरा खाली लावता येईल का?" तिने व्यवस्थापकांना विचारलं.

"अहो ताई, तुम्हाला थोडीच काढायची आहे? काढणारे दुसरे. तुम्ही फक्त बसायचं, महाराणीसारखं!"

सगळे हसले. ताईही हसली. पण तिचं हसू सगळ्यांच्या आधी संपलं, हे मी वरून पाहिलं.

मला कसं वापरायचं हे दोन धडधाकट माणसांना एका दुपारी शिकवलं गेलं. त्यांतल्या एकाने वर्षभरात दुसरीकडे नोकरी धरली. दुसऱ्याची बदली झाली. त्यांच्या जागी कुणाला शिकवायचं हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला जोडलेल्या सूचनांच्या पाटीवर सगळं लिहिलंय, असं साहेब म्हणत. ती पाटी नीट वाचली फक्त ताईने. वाचता वाचता ती थांबली आणि तिने पर्समधून पेन्सिल काढली. "जिन्याच्या तोंडाशी खुर्ची मागे वळवा," असं पाटीवर छापलं होतं.

"वळवा नाही, कलवा हवं," ती पुटपुटली. "खुर्ची वळवली तर माणूस जिन्याकडे पाठ करून बसेल. एका शब्दाने कपाळमोक्ष व्हायचा एखाद्याचा." पाटी माझ्या खालच्या टोकाला लोंबत होती, तिथे तिचा हात कसाबसा पोचला. तिने फुली मारली. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "कळवतो कारखान्याला." कळवलं नाही.

दर सहा महिन्यांनी घंटा वाजायची आणि आगीचा सराव व्हायचा. सगळे हसत-बोलत जिना उतरायचे. ताई उठून, म्हणजे आपली चाकं वळवून, दारापर्यंत यायची. साहेब दरवेळी तिला सांगायचे, "तुम्ही बसा हो. नुसता सराव तर आहे. तुम्हाला कशाला त्रास?"

"साहेब, खरी आग लागली तरी हेच सांगाल का?"

"छे, छे! काहीतरीच काय बोलता!"

साहेब मनाने वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांना खरंच वाटायचं की आपण ताईचा त्रास वाचवतोय. खाली अंगणात ते यादी घेऊन डोकी मोजायचे. अडतीस भरली की म्हणायचे, "झालं, सगळे आले." एकदा त्या सरावाचा अहवाल तपासायला ताईकडेच आला. "सर्व कर्मचारी सहा मिनिटांत सुखरूप बाहेर पडले," असं त्यात होतं. तिने 'सर्व' या शब्दावर लाल काट मारली आणि वर लिहिलं, 'एक सोडून सर्व'. अहवाल छापून आला तेव्हा पुन्हा 'सर्व'च होतं.

माझी वर्षं अशीच टांगल्या टांगल्या जात होती. वापरून वापरून दमलेली वस्तू तुम्ही पाहिली असेल. न वापरता दमलेली कधी पाहिली आहे का? माझ्या खिळ्यावर लोक ओल्या छत्र्या अडकवत. माझ्यापुढे जुन्या पुस्तकांचे गठ्ठे येऊन बसले. माझं पिवळं आवरण धुळीने मळकं झालं. एका पाहुण्याने तर विचारलं, "ही इस्त्रीची फळी इथे कशाला टांगली?" रबर आतून सुकत चाललं होतं, एका पट्ट्याला बारीक चिरा पडल्या होत्या. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं? वर्षातून एकदा एक माणूस यायचा, आवरण न काढताच चिठ्ठीवर सही करायचा आणि जायचा.

आणि मग तो दिवस आला. सकाळचे साडेअकरा वाजले होते. पहिल्या मजल्यावर बांधणीचा डिंक गरम करायचं यंत्र पेटलं. शेजारी कागदाची रास. आधी जळक्या डिंकाचा वास आला, मग घंटा वाजू लागली. लोकांना वाटलं, सराव असेल. मग पुढच्या जिन्यातून धूर दिसला आणि एकच धावपळ उडाली. धूर अजून विरळ होता, तेवढ्यात सगळे त्याच जिन्याने भराभर खाली गेले.

ताई तेव्हा जुन्या आवृत्त्यांच्या खोलीत होती. दार लोटलेलं होतं. ती बाहेर येईपर्यंत मजला रिकामा झाला होता. कुणी तिला मुद्दाम टाकून गेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी ताईंना नेलं असेल. म्हणतात ना, बारभाईची शेती. दहा जणांवर सोपवलेलं काम एकाचंही नसतं.

पुढचा जिना आता काळ्या धुराने भरला होता. ती चाकं मारत मागच्या जिन्याशी आली, मधलं दार घट्ट लावलं आणि दाराच्या फटीत आपला रुमाल कोंबला. साहेबांना फोन लावला. तो सारखा व्यस्त लागत होता. कारण साहेब अग्निशमन दलाशी बोलत होते. मग तिने माझ्यापुढचे गठ्ठे एकेक करून बाजूला फेकले आणि ओळी वाचताना धरायच्या आपल्या लांब पट्टीने मला खिळ्यावरून काढायचा प्रयत्न केला. मी डुलले. पण निघाले नाही. तिने पुन्हा ढकललं, पुन्हा डुलले. ज्या माणसासाठी मी होते ते माझ्याखाली हातभर अंतरावर होतं आणि मी भिंतीला चिकटून होते. मला माझीच लाज वाटली.

ती रडली नाही. पट्टी मांडीवर ठेवून ती जिन्यात खाली बघत बसली. एकदाच म्हणाली, "अगं, पड ना गं!"

खाली काय घडलं ते मला नंतर कळलं. अंगणात साहेबांनी यादी काढली. सवयीने डोकी मोजली. अडतीस. आणि सवयीनेच ते बंबावरच्या जवानांना म्हणाले, "सगळे बाहेर आले." जवान पाण्याचे पाइप घेऊन गोदामाकडे वळले. तेवढ्यात लिफ्टवाले काका पुढे आले. घंटा वाजताच त्यांनी नियमाप्रमाणे लिफ्ट खाली आणून बंद केली होती. किल्ली अजून मुठीत होती.

"साहेब, ताई कुठंयत?"

"असतील इथेच. मोजले मी."

"सकाळी वर नेलेली बाई मी अजून खाली आणलेली नाही," काका म्हणाले.

साहेबांनी यादी तिथेच टाकली. ते जवानांना हाका मारत धावले. पण काकांना दम कुठला! ते मागच्या जिन्याने वर निघालेसुद्धा. त्यांनी असं एकट्याने जायला नको होतं, जवानांना सांगून थांबायला हवं होतं, हे पुढे त्यांनी स्वतःच मान्य केलं. पण त्या घडीला त्यांचे पाय कुणाचं ऐकणार नव्हते.

काका साठीला टेकलेले. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलं, पण स्वतः जिना चढायची सवय नाही. एक गुडघाही अधू. वर पोचले तेव्हा त्यांच्या छातीचा भाता झाला होता.

"ताई, चला. उचलतो तुम्हाला."

"काका, मला उचलून चार मजले उतरलात तर दोघंही गडगडू. आधी ती खुर्ची काढा."

"मला नाही हो येत ती चालवायला. मला लिफ्ट येते."

"मला येते. म्हणजे तोंडपाठ येते. तुम्ही हात चालवा, मी सांगते."

काकांनी मला खिळ्यावरून काढलं आणि आवरण ओढून टाकलं. कितीतरी वर्षांनी माझी चाकं जमिनीला लागली. ताई सांगत गेली आणि काका करत गेले. लाल कडी ओढा. बैठक खाली पाडा. खटका लागल्याचा आवाज आला का? नाही? मग दाबा, अजून दाबा. आता आला. मग काकांनी तिच्या काखेत हात घालून तिला माझ्यावर घेतलं. तिने स्वतःच कमरेचा आणि छातीचा पट्टा लावला. छातीच्या पट्ट्याचं बक्कल गंजलं होतं. ते लागेना, म्हणून तिने पट्ट्याची सरळ गाठ मारली.

तिची चाकांची खुर्ची मात्र वरच ठेवावी लागणार होती. ताईने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "ती भिंतीला लावून ठेवा काका. जवान आले तर अडखळतील."

जिन्याच्या तोंडाशी काकांनी पाटीकडे पाहिलं. पेन्सिलीची फुली धुळीत बुजून गेली होती. छापील अक्षरं तेवढी दिसत होती. ते वाचू लागले, "खुर्ची मागे वळवा..." आणि त्यांनी मला फिरवायला सुरुवात केली.

"वळवू नका!" ताई ओरडली. "कलवा, काका, कलवा! पाटीवर चूक आहे!"

काका जागच्या जागी थिजले. मग त्यांनी मला हळूच स्वतःकडे कलवलं आणि माझे पट्टे पहिल्या पायरीच्या कडेला टेकले.

मित्रांनो, वाळूचं पोतं आणि माणूस यांत फार फरक असतो. पोतं थरथरत नाही. ताई थरथरत होती आणि ती थरथर माझ्या नळ्यानळ्यांतून जात होती. पण तिचा आवाज ठाम होता. एकेका टप्प्याला अकरा पायऱ्या, असे आठ टप्पे. ती मोठ्याने मोजत होती, म्हणजे काकांचे पाय त्या ठेक्यात पडतील. चौथ्यावरून तिसऱ्यावर आलो. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर. माझं सुकलेलं रबर करकरत होतं. धुराचा वास वाढत चालला होता.

दुसऱ्या मजल्याखाली, सहाव्या पायरीवर, माझा डावा पट्टा तुटला.

मी एका अंगाला कलंडले. ताईचं कोपर कठड्यावर आपटलं. काकांनी जीव खाऊन माझ्या पाठीची मूठ धरून ठेवली, पण त्यांचा गुडघा मुडपला आणि ते पायरीवर बसले. मूठ सोडली नाही. खोकण्याचा आवाज तेवढा येत होता, दोघांचाही.

"ताई," काका धापा टाकत म्हणाले, "माझ्याच्यानं होईल असं वाटत नाही आता."

"मग थोडं थांबू. मी काही पळून जात नाही." तिने मागे हात नेला आणि त्यांच्या मुठीवर ठेवला. "काका, बारा वर्षांत तुम्ही मला कधी मधेच अडकवलंत?"

"एकदा. वीज गेली होती तेव्हा."

"तेव्हा काय केलंत?"

"गप्पा मारल्या."

"मग मारा की आत्ताही. पण उतरता उतरता मारा."

काका कसेबसे उठले. उरलेल्या एका पट्ट्यावर मी जेवढी घट्ट पायरी धरू शकत होते तेवढी धरली. माझ्या आयुष्यात मी एवढंच केलं, मित्रांनो, पण त्या पाच पायऱ्यांत माझा सगळा जोर संपला. मधल्या वळणावर बॅटरीचा प्रकाश दिसला. साहेबांच्या हाकेने परत फिरलेले दोन जवान वर येत होते. एकाने मला पुढून धरलं, दुसऱ्याने काकांना आधार दिला.

"खुर्ची बरोबर लावलीय. कुणी शिकवलं तुम्हाला?" जवानाने विचारलं.

"ज्या बसल्यात ना, त्यांनी," काका म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब ताईसमोर आले, काही बोलायला गेले आणि तोंड झाकून रडू लागले. ताई म्हणाली, "साहेब, आधी काकांना दवाखान्यात न्या."

इथे गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. लोकांनाही तसंच वाटलं. पण ताई त्यानंतर तीन तास माझ्यावरच बसून होती. कारण तिची स्वतःची खुर्ची वर राहिली होती. माझ्यावर बसून जिना उतरता येतो, पण स्वतःहून वीतभरही हलता येत नाही. माझी चाकं दुसऱ्यानेच ढकलायची असतात. येणारा-जाणारा तिला न विचारताच इकडून तिकडे सरकवत होता. कुणी सावलीत नेलं, कुणी तिथून रस्ता अडतो म्हणून उन्हात आणलं. सकाळपर्यंत आपल्या हातांनी सगळीकडे फिरणारी ताई आता एखाद्या गाठोड्यासारखी जागा बदलत होती. तिचा भाऊ तिला न्यायला आला तेव्हा ती पहिल्यांदा रडली. तिची खुर्ची नऊ दिवसांनी, धुराने काळी होऊन परत मिळाली. ते नऊ दिवस ती घरात एका कॉटवर होती.

काका वाचले. पण धूर छातीत बसला तो बसलाच. दवाखान्यातून आले ते काठी टेकत. लिफ्टच्या दारातलं त्यांचं स्टूल रिकामं झालं.

माझं मात्र खूप कौतुक झालं. लोकांनी माझे फोटो काढले. समारंभ झाला, भाषणं झाली. 'या खुर्चीने जीव वाचवला,' असं साहेब म्हणाले. मला ऐकवेना. मी अर्धवट कुजलेली होते. ताईला अर्धं मी, अर्धं काकांनी आणि पूर्ण तिने स्वतः वाचवलं होतं. समारंभात ताईला बोलायला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "कौतुक पुरे. पुढच्या सरावात मला घ्या."

आणि तिने ते करून घेतलं. गोडीगुलाबीने, भांडून, पत्रांवर पत्रं लिहून. मला नवे पट्टे बसले. आठ जण मला चालवायला शिकले. त्यांना शिकवायला काकांना बोलावलं. काठी भिंतीला टेकवून ते दर महिन्याला एक तास जिन्यात उभे राहतात. ताईने एक अट घातली होती. जो चालवायला शिकेल त्याने आधी माझ्यावर बसायचं. तुम्हाला सांगते, पट्टे आवळून जिन्याच्या तोंडाशी आलं की भल्याभल्यांची बोलती बंद होते.

साहेबांची पाळी मागच्या आठवड्यात आली. ते हसत हसत बसले. पट्टे लावले. काकांनी त्यांना कडेपर्यंत नेलं आणि विचारलं, "साहेब, तयार?"

साहेबांनी खाली अकरा पायऱ्या पाहिल्या. त्यांचे हात आधार शोधू लागले. पण मला हात नाहीत. त्यांची बोटं माझ्या नळ्यांवर घट्ट रुतली.

"नाही," ते बारीक आवाजात म्हणाले. "एक मिनिट."

"थांबतो," काका म्हणाले, आणि थांबले. ते एक मिनिट चांगलं लांबलं. मग साहेबांनी मान हलवली.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. पट्टे नवे असले तरी नळ्या जुन्याच आहेत. दर महिन्याची ही चढउतार मला झेपेनाशी झाली आहे. लवकरच माझ्या जागी दुसरी येईल, येऊ दे. पण जाण्याआधी एक मागणं आहे. तुमच्या शाळेत, तुमच्या इमारतीत बघा. कुणाचे पाय थकले असतील, कुणाला नीट दिसत नसेल, कुणी आजी कॉटवरून उठत नसेल. आग लागली तर यांना खाली कोण आणणार, हे आज ठरवा. आणि ते त्यांच्या पाठीमागे ठरवू नका. त्यांच्याजवळ जा, खाली बसा आणि विचारा, "तुम्हाला कसं न्यायचं?" त्यांना ते तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. फक्त कुणी विचारलेलं नसतं.